उजेड कसा होता

साठ वर्षं मी या जंगलात वाकून चालतेय.
शेवाळ, पाइनच्या सुया, ओकांची कड,
कुठल्या वळणावर पिवळ्या कोल्ह्या उगवतात
हे सख्ख्या सुनेलाही सांगितलेलं नाही.
मार्त्सिन्कोनिसमध्ये कुणालाही विचारा, म्हणतील,
गेनोव्हाइते? ती डोळे मिटून टोपली भरते.

मिटत नाही मी. पण म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार,
आणि का धरावं?

सहा वर्षांपूर्वी आल्गिमांतासनं
हिरवी उमेदे समजून
हिरवी माशीमार घरी आणली.
लोण्यात परतली, वर शेपू भुरभुरला.
त्याचं पोट बिघडलेलं, तो नुसता चहा प्याला.
ओनुतेनं दोनदा वाढून घेतली.
पाचव्या दिवशी विल्नियसच्या दवाखान्यात गेली,
मेणासारखी पिवळी होऊन.

मी पावाच्या रांगेत म्हणाले, आणि हळू आवाजात नाही:
अहो, शेंबड्या पोरालासुद्धा कळतं!
अळंबीचा देठ कापायचा नसतो,
बोटांनी खणून काढायचा,
बुडाशी पांढरी पिशवी आहे का बघायचं.
आंधळा आहे का तो?

बायकांनी माना डोलावल्या.
तो मागे दुधाच्या बाटल्यांपाशी उभा होता
हे मला नंतर कळलं.

नंतर म्हणजे, तेव्हाच.

तेव्हापासून तो जंगलात जात नाही.
परसातल्या सफरचंदांचा मुरंबा करतो,
हायवेला विकतो, माझ्यापासून दोन झाडं सोडून.
आम्ही एकमेकांना हवामान सांगतो.

यंदा सप्टेंबरात, एका मंगळवारी,
जाता जाता तो माझ्या बादलीपाशी थांबला.
वर देखण्या, खाली जरा चुरगळलेल्या, धंदा आहे.
त्यानं बोटानं बाजूला सारत एक उचलली.
उलटी केली. पांढरे पापुद्रे बघितले,
देठावरची फाटकी झालर बघितली,
मग देठाचं टोक.
कापलेलं होतं. माझ्या सुरीनं, सफाईदार.

त्यानं ती रुमालात गुंडाळली,
एक युरो माझ्या स्टुलावर ठेवला
आणि निघून गेला,
शेजाऱ्याचा वाहता राहिलेला नळ
बंद करून जावं, तसा.

त्याआधी दोन लिटर
कौनासच्या एका गाडीनं नेल्या होत्या.
मागच्या सीटवर एक मुलगी होती, दात पडलेली.

नऊ दिवस मी रेडिओच्या बातम्या ऐकल्या.
काही आलं नाही.

धुकं होतं त्या पहाटे.
गुडघा, खणायला बसू देईना.
उग्ने गाडीत बसून हॉर्न वाजवत होती,
आजकालच्या नाती.
सुरी नवी होती, हात आपोआप गेला.
डोळ्यात पडदा वाढतोय असं डॉक्टरीण म्हणते,
तो वयानं येतो, माझ्या हातात आहे का?
रात्र रात्र मी कारणं निवडत बसले,
माती झटकून, किडकी बाजूला काढून,
एकेक स्वच्छ, विकायला ठेवण्याजोगं.

त्याच्यासाठी त्या रांगेत
मला एकच पुरलं होतं.

दहाव्या दिवशी त्याचा युरो घेऊन
त्याच्या टेबलापाशी गेले.
द्यायचा होता परत. म्हणायचंही काहीतरी होतं,
घरून निघताना पाठ केलेलं.
मुरंब्याची बरणी उचलली, पाचची नोट काढली,
युरो मुठीत तसाच.
आणि तोंडातून भलतंच आलं:

त्या दिवशी, आल्गिमांतास,
उजेड कसा होता?

त्यानं बरणीचं झाकण
पुन्हा एकदा पिळून पाहिलं.

चांगला होता, म्हणाला.
लख्ख ऊन होतं.

आणि सुटे माझ्या हातावर ठेवले,
एकेक, मोजून.